पक्क्या रंगाची बाटली

शाहू महाराजांच्या राज्यातल्या एका चैत्रात हंबीरराव सरदारांनी पन्हाळ्याच्या पायथ्याला, आमराईत, एका गोऱ्या साहेबासाठी वनभोजन योजलं. साहेबाला जेवणाबरोबर तांबडी विलायती दारू लागे. मुंबईहून चार जातींच्या पेट्या आल्या आणि त्यांतली चांगली निवडायचं काम पडलं कोठीवाल्या बाबालालवर. गेल्या खेपेला आचारी बाळासोनं चाखून चाखून निवडली होती, आणि निवडलेली साहेबापर्यंत पोचलीच नव्हती.

"तू तोंडाला लावत न्हाईस, म्हणून तुझ्यावर भरवसा," हंबीरराव म्हणाले. "पर फजिती झाली, तर किल्ल्या ठेवायच्या आन् घरचा रस्ता धरायचा."

न चाखता निवडायची कशी? चार पेट्यांतल्या चार बाटल्यांची बुचं काढून बाबालाल स्वयंपाकीण अंबूबाईकडं गेला.

"आक्का, नुसता वास घेऊन सांग की."

अंबूबाईनं पदर नाकाला लावला. "आज शुक्रवार, अंबाबाईचा उपास हाय माझा. आन् पावण्याला वाढायच्या आधी वास घेत्यात व्हय रं? उष्टं होतंय ते. तूच घे."

"मला हराम हाय."

"मग काय, दोघं मिळून बाटल्यांची आरती करूया?"

बिचारा तिथंच बसला. पण देव कुणाला कुठून बुद्धी देईल, सांगता येत नाही. बाबालालचं घराणं रंगाऱ्याचं. उन्हाला आणि पाण्याला पुरून उरतो तोच रंग अस्सल, हे तो बापाच्या मांडीवर शिकला होता. त्यानं पागोट्याच्या चिंध्या तुरटीच्या पाण्यातून काढल्या, एकेका दारूत बुडवल्या, वाळवल्या आणि रिठ्यानं खसाखसा चोळल्या. तीन फिक्या पडल्या. चौथी हटली नाही.

"ही जातिवंत!" म्हणत त्यानं ती पेटी गाडीत चढवली.

आमराईत साहेबानं पहिला घोट घेतला आणि त्याचं तोंड कच्चं जांभूळ चावल्यासारखं आवळलं. "हे कोणी निवडला?"

बाबालालनं खरं ते सांगून टाकलं, चिंध्याही दाखवल्या. साहेब असा खदखदून हसला, की हातातला पेला हंबीररावांच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर उपडा झाला.

"पाणी आणा!"

"न्हाई जायचा, सरकार." बाबालालनं मान खाली घातली, पण आवाजातला अभिमान काही लपेना. "पक्का हाय."

"किल्ल्या टाक हितं! आन् मी गावातनं असा जाऊ व्हय?"

किल्ल्यांचा जुडगा सतरंजीवर पडला. बाबालालचे डोळे भरून आले, तशी अंबूबाई पुढं झाली. "सगळाच तांबडा केला तर डाग कुठं दिसतोय, सरकार? पाणी निवळायची तुरटी हाय माझ्याजवळ."

मग होती नव्हती तेवढी दारू हंड्यात ओतली गेली. अंबूबाई नाकाला पदर लावून दांडक्यानं ढवळत होती. अंगरखा करवंदीच्या जाळीवर वाळत होता, हंबीरराव उपरणं पांघरून बसले होते, आणि साहेब कैरीचं पन्हं मागून मागून पीत होता.

अंगरखा वाळून अंगावर चढला, तसा साहेब उठून उभाच राहिला. "फार सुंदर! आमाला पण एक पायजे!"

हंबीररावांनी स्वतःकडं खालीवर पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि पायानंच जुडगा बाबालालकडं सरकवला.

"उचल. कोठीतल्या तीन पेट्यांचा रंग जातोय म्हणलास न्हवं?"

"व्हय, सरकार."

"मग त्या प्यायच्या."