टिकलीवाले कार्ड

मित्रांनो, एका मोठ्या संकटातून मी कसे सुखरूप बाहेर पडले, ती हकीकत आज मी आपणांसमोर आरंभापासून सादर करणार आहे. आपण ती शांत चित्ताने ऐकावी, ही नम्र विनंती.

मी एक जुने डेबिट कार्ड आहे. माझा जन्म कोठे झाला ते मला ज्ञात नाही. पोस्टमनने मला पारनेर येथे सहादू साळवे यांच्या दारात आणून दिले, तेथपासूनचे मला आठवते. सहादू नागापूरच्या एका कारखान्यात काम करतात. त्यांच्या पत्नी बनाबाई घरी मिरची-मसाला कांडून देतात. बनाबाईंनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून चक्क तिखटाच्या डब्यात ठेवले. "चोराच्या बापालाबी सापडायचं न्हाई," असे त्या म्हणाल्या. त्या डब्यात माझी पाच वर्षे गेली. पिशवी विरली व तिखटाचा वास माझ्या अंगी मुरला. माझ्यावरील अक्षरेही घासून पुसट झाली.

कालांतराने त्याच बँकेचे, माझ्यासारखेच निळे क्रेडिट कार्ड घरात आले. ते माझे धाकटे भावंड होय. ते सहादूंच्या खिशात राहू लागले. मित्रांनो, आम्हां दोघांत मोठे अंतर आहे. मला वापरले की खात्यातील स्वतःचे पैसे तत्क्षणी जातात. त्याला वापरले की बँक उसने देते आणि ते मुदतीत फेडावे लागतात. बनाबाईंना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून त्यांनी माझ्या कोपऱ्यावर आपली लाल टिकली चिकटवली. "टिकलीवालं घरचं, बिनटिकलीचं बँकंचं," असा त्यांनी नियम केला.

गेल्या मे महिन्यात ऐन हंगामात कांडपाची मोटर जळाली. गिऱ्हाइकांच्या मिरच्या दारात पडून राहिल्या. खात्यात एकतीस हजार होते. परंतु त्यांतील तीस हजार ही दीपाची, म्हणजे त्यांच्या कन्येची, नर्सिंगची फी होती व दुसरा दिवस ती भरण्याचा अखेरचा दिवस होता. म्हणून मोटर क्रेडिटवर घ्यावी व फी माझ्याकडून भरावी, असे ठरले. आम्हां दोघांना एकाच पाकिटात कोंबून पतिपत्नी भर उन्हात मोटरसायकलवरून नागापूरला निघाले. उष्णतेने माझ्या टिकलीचा डिंक सुटला आणि ती भावंडाच्या अंगाला जाऊन चिकटली!

दुकानदार काकासाहेबांनी साडेचौदा हजार सांगितले. सहादूंनी बिनटिकलीचे कार्ड, म्हणजे मलाच, पुढे केले. मी ओरडून सांगितले असते, परंतु मला वाचा कोठली?

क्रेडिटचा पिन दाबला. यंत्राने नाकारला. पुन्हा दाबला, पुन्हा नाकारला.

"सहादू, तिसऱ्यांदा चुकला तर कार्ड बंद पडंल बरं का," काकासाहेब म्हणाले.

"दोन्ही नंबरांची माझ्या डोक्यात अदलाबदल झाली असंल. आता दुसरा दाबतो."

तो दुसरा पिन माझा होता. तो दाबताच दीपाची फी निम्मी झाली असती. सहादूंचे बोट बटणावर टेकले.

"थांबा जरा! मळ बसला असंल त्याला," असे म्हणत बनाबाईंनी मला यंत्रातून ओढून पदराने पुसले. पुसता पुसता त्यांना सणसणीत शिंक आली. मग दुसरी. मग काकासाहेबही शिंकले.

बनाबाईंनी मला नाकाशी धरले. "अवं, हे तर माझ्या डब्यातलं हाय! टिकलीच पळाली की!"

"टिकली तुझी, अन् शिव्या मला बसल्या असत्या," सहादू घाम पुसत म्हणाले.

"बसल्याच असत्या! पोरीचं वर्ष जातं हुतं!"

दुकानात हशा पिकला. मोटर क्रेडिटवर घेतली. दुसऱ्या दिवशी दीपाच्या कॉलेजात माझा पिन एकाच खेपेत लागला व पावती बाहेर आली, तेव्हा तिघांनीही एकदम श्वास सोडला. मीही सोडला. कांडपाच्या कमाईतून बँकेचे उसने मुदतीआधीच फिटले.

मित्रांनो, कार्ड पुढे करण्यापूर्वी ते कोणते आहे हे क्षणभर थांबून पाहा. या महिन्याअखेर माझी मुदत संपत आहे. मला कात्रीने कापले जाईल, त्याचे दुःख नाही. दीपा आता दुसऱ्या वर्षाला आहे, हे समाधान मला पुरेसे आहे. नव्या कार्डासाठी बनाबाईंनी तिखटाच्या डब्यात आत्ताच जागा केली आहे.

कार्डाला हात नाहीत, म्हणून त्याच्या वतीने हे लिहिणारा, तिसऱ्यांदा बटण दाबता दाबता वाचलेला त्याचा मालक, सहादू भिकाजी साळवे, मु. पो. पारनेर. आपण येथवर वाचलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.