तीन सावकाश म्हण

देवानं माणसाला दोन हात दिले खरे, पण झोपलेल्या दुसऱ्या माणसाला निगुतीनं पालथं करायला दहा लागतात. हे साथीच्या वर्षात अतिदक्षता विभागातल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं. पाठीवर पडून पडून ज्यांची फुप्फुसं दमून जात, त्यांना पोटावर निजवायचं, म्हणजे श्वास जरा मोकळा होई. त्यासाठी पाच जण लागत. चौघं दोन बाजूंना आणि पाचवी उशाशी. उशाशी जी उभी, तिच्या एका हातात रोग्याचं डोकं, दुसऱ्या हातात त्याच्या तोंडातली श्वासाची नळी, आणि जिभेवर आकडे. एक, दोन, तीन. तीनला सगळ्यांनी एकदम वळवायचं. कुणी मागंपुढं झालं तर नळी निसटायची, आणि मग माणूसही.

उशाशी उभी राहायची ती अक्का. वयानं मोठी सिस्टर, म्हणून सगळ्यांची अक्का. पांढऱ्या किटमध्ये डोळ्यांखेरीज कुणाचं काही दिसत नसे. छातीवर पेनानं नाव लिहावं तेव्हा ओळख पटायची. काचेआडून सगळं धूसर, सगळे जण ढगातून चालल्यासारखे. पण अक्काचा आवाज त्या ढगात काठीसारखा टेकायला मिळे. पायांशी उभा राहणारा, काडीसारखा वॉर्डातला माणूस, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो म्हणायचा की अक्कांनी तीन म्हटलं की भिंतसुद्धा कूस बदलेल.

आणि त्याच अक्काच्या तोंडून गेले नऊ दिवस तीन निघत नव्हतं.

झालं होतं असं. टपाल वाटण्यात उभा जन्म घालवलेले एक आजोबा आले होते. नळी घालण्याआधी ते जागे होते, घाबरलेले होते. अक्कानं त्यांना सगळं समजावलं. "आजोबा, तुम्ही झोपेत असाल. मी तीन म्हणेन, तोवर तुमची कूस बदललेलीसुद्धा असेल." आजोबा मास्कमधून हसले. "मग तीन सावकाश म्हण, पोरी. घाईत टाकलेलं पत्र भलत्याच दारात जातं."

चौथ्या दिवशी सकाळी अकराला त्यांना वळवलं, आणि वळवता वळवता त्यांचं हृदय थांबलं. मोठ्या डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा पाहून सांगितलं की कुणाचीही चूक नाही, ते हृदय आधीच थकलेलं होतं. अक्कानं मान डोलावली. पण तिला एकच आठवत होतं. पुढं पाच खाटा वाट पाहत होत्या आणि तिनं तीन भरकन म्हटलं होतं.

त्या दिवसापासून तिचं जगच दोनवर येऊन थांबे. जिन्याच्या दोन पायऱ्या चढायची नि उभी राहायची. चहात दोन चमचे साखर पडे, तिसरा हातातच. दोन आणि तीन यांच्या मध्ये एक जागा असते हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. आता ती तिथं जाऊन आली होती. पिवळसर उजेडाचा, लांबच लांब पायऱ्यांचा तो प्रदेश होता. मधल्या पायरीवर आजोबा पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. रागावलेले नाहीत, काही मागत नाहीत. नुसते बसलेले. तेच अवघड होतं. भांडणारा माणूस परवडतो, वाट पाहणारा नाही परवडत.

ती कुणाला बोलली नाही. वळवायची वेळ झाली की तिला कुठली तरी बाटली बदलायची असे, कुठला तरी फोन घ्यायचा असे. उशाची जागा तिनं छोट्या डॉक्टरांना देऊन टाकली होती, शिका जरा म्हणून. पैलवान चिडवायचा, अक्कांचं राज्य गेलं, आता प्रजेत या. ती हसल्यासारखं करायची. खिशात बदलीचा अर्ज घडी करून ठेवला होता. नोंदणीच्या टेबलावर बसेन, नावं लिहीन, कुणाचं डोकं हातात धरायला नको.

घरी ती बाहेरच्या खोलीत वेगळी राहायची. नवरा जेवणाचं ताट दाराशी ठेवून दोन पावलं मागं सरायचा आणि तिथूनच विचारायचा की मीठ बरोबर आहे का. मीठ कमीच असायचं, ती बरोबर आहे म्हणायची. सात वर्षांची लेक खिडकीपलीकडच्या अंगणात खेळायची. नवव्या दिवशी दुपारी ती काचेला नाक लावून म्हणाली की मी कुंपणापर्यंत पळते, आई, तू आकडे म्हण.

पोर ओणवी झाली. एक पाय पुढं, एक मागं, जीभ ओठांत.

"एक," अक्का म्हणाली. "दोन."

आणि आला तो उजेड, त्या पायऱ्या. अंगणातलं वारं थांबलं. पोर तशीच ओणवी. किती वेळ गेला कोण जाणे. पोरीला वाटलं आई गंमत करतेय. तिनं मान वळवली, डोळे बारीक केले आणि स्वतःच म्हणून टाकलं, "साडेमाडे... तीन!" आणि सुटली.

कुंपणाला हात लावून, धापा टाकत ती परत आली, आणि आईला म्हणाली की तू विसरलीस तर मी म्हणेन, त्यात काय.

अक्का बराच वेळ काचेवरचा लेकीच्या श्वासाचा डाग पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या डॉक्टरांना ताप आलेला. मोठे डॉक्टर शेजारच्या खोलीत नळी घालण्यात गुंतलेले. आणि सात नंबरच्या खाटेवरच्या शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंचा ऑक्सिजन ब्याऐंशीवर उतरलेला. त्यांना वळवायलाच हवं होतं. पायांशी पैलवान, त्याच्यासमोर साफसफाईच्या मावशी, खांद्यांशी धाकटी सिस्टर आणि रोग्यांना व्यायाम शिकवणारे मास्तर. चौघांनी हात चादरीखाली घातले आणि उशाकडं पाहिलं. नळी धरता येणारी तिथं एकच होती.

अक्कानं डोकं धरलं. बाईंच्या तर्जनीवर सुईच्या टोचण्या होत्या, बारीक, जुन्या. ती त्या पाहत राहिली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "माझ्या तोंडून तीन निघत नाही. आजोबा गेल्यापासून."

यंत्र आपलं गुणगुणत होतं. मग पैलवान, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं, तो खाली बघत हळूच म्हणाला, "मी रोज कुणाच्याही पायांना हात लावायच्या आधी आजोबांची माफी मागतो, अक्का. मनातल्या मनात. मला वाटायचं मलाच वेड लागलंय."

धाकट्या सिस्टरचा चष्मा आतून धुकटला होता. तिनं मान हलवली, म्हणजे तिचंही काहीतरी होतं.

मावशींनी चादरीवरची पकड सारखी केली. "मग त्यात काय एवढं? तू दोनपर्यंत ने, पुढं आम्ही नेतो. नळी मात्र सोडू नको बाई."

भजनात मुख्य गाणाऱ्याचा कंठ दाटून आला तर गाणं पडत नाही. मागचे ओळ उचलून धरतात, आणि ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही की मध्ये कुणाचं रडू होतं. देवाचं नाव एका गळ्याच्या भरवशावर कुणी ठेवलेलंच नाही.

"एक," अक्का म्हणाली.

चार पाठी वाकल्या.

"दोन."

आणि उजेड आला. त्या लांब पायऱ्या, मधल्या पायरीवर आजोबा. तिच्या हातात डोक्याचं ऊबदार ओझं, बोटांत नळी. ती थांबली. खालून, फार लांबून आल्यासारखा पैलवानाचा आवाज आला, "साडेमाडे..."

कुणीतरी मास्कमध्ये फिसकन हसलं. बहुधा मास्तर. आणि मग चौघं एकदम, जराही घाई न करता, लांबवून म्हणाले, "तीन."

बाई वळल्या. चादर सळसळली, नळी जागेवर राहिली. अक्कानं त्यांचं डोकं एका कुशीला टेकवलं, गाल उशीवर, कान दुमडणार नाही असा. मावशींनी पोटाखाली उशी सारली. पैलवान पावलं सरळ करत होता, ओठ हलत होते त्याचे मास्कमागं.

यंत्रावरचा आकडा तिथंच होता. ब्याऐंशी. कुणी जागचं हललं नाही. बऱ्याच वेळानं चौऱ्याऐंशी झाला. मग शहाऐंशी. पुढं काय होईल ते देव जाणे, पण आत्ता शहाऐंशी होता.

अक्का अजून त्या पायऱ्यांवरच होती. आजोबांनी वर पाहिलं आणि तिला जायला वाट व्हावी म्हणून पाय जरा बाजूला घेतले, टपालवाला अरुंद जिन्यात घेतो तसे. ती त्यांच्या शेजारून पुढं गेली.

"तीन," ती पुटपुटली. सगळ्यांच्या मागून, सावकाश.

"उशीर झाला, अक्का," पैलवान म्हणाला. "आमचं म्हणून झालं."

"चालेल," ती म्हणाली, आणि आठ नंबरच्या उशाशी जाऊन उभी राहिली. अर्ज खिशातच होता. तिथं फाडता आला नसता, किटच्या आत होता. चौघं चादरीखाली हात घालून तिच्याकडं पाहू लागले.