भगवानरावाची मोटार

नांदेडच्या कोर्टात व्हरांड्यात बसलो होतो. बायको, शिवकन्या, शेजारी निवांत शेंगा फोडत होती. नवरा धुतल्या तांदळासारखा आहे याची तिला खात्री होती. भगवानरावाची विहिरीवरची मोटार मीच चोरली, हे फक्त मला ठाऊक होतं.

माझी आणि भगवानरावाची विहीर सामाईक. पाण्याची पाळी माझी असली तरी मोटार त्याची चालू. एक दिवस डोकं फिरलं. त्याची मोटार काढली आणि माझ्या सोयाबीनच्या भुसकटात पुरली. पोलिसांना ती तिथंच सापडली. तालुक्याच्या कोर्टानं वर्षाची सजा दिली, मग अपील आणि जामीन. शिवकन्या मात्र माझ्यासाठी गावभर भांडली, सख्ख्या भावाशीही बोलणं तोडलं. तुरुंगाची भीती होतीच. पण हिला कळलं तर, या विचारानं सकाळपासून भाकरीला हात लावला नव्हता.

पुकारा झाला. उमाशंकर वकिलांनी मुद्दे आधीच मांडले होते. भुसकट रस्त्याकडेला, तिथं कुणीही मोटार टाकेल. आणि पंच शेषेरावानं तर कबूलच केलेलं, की पंचनाम्यावर सही हॉटेलात चहा पिताना केली. साहेब निकाल वाचत होते, माझ्या कानात नुसता भणभणाट. वकिलांनी पाठीवर थाप मारली.

"सुटलास, लखन. पुरावा अपुरा."

गावात एसटीतून उतरलो, तर शिवकन्या घराकडं वळेना.

"महादेवाच्या देवळात चला. लोक म्हणून राहिले, पुरावा न्हाई म्हणून सुटला. बेलभंडार उचला, मंजे तोंडं बंद होतील. भावाला बी बोलावलंय."

हातात बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, घेऊन शपथ घ्यायची. ती खोटी घेतली तर वर्षाच्या आत घेणाऱ्याच्या जिवावर संकट येतं, असं आमच्याकडं सगळेच मानतात. कोर्टात मी बेधडक खोटं बोललो होतो. देवळात भगवानराव समोर बसलेला, आणि माझा हात इतका थरथरला की भंडारा खाली सांडला.

शिवकन्यानं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मग तिनं ती पानं माझ्या हातातून घेतली.

"त्ये दिसभर उपाशी हाईत. मी उचलते. माझ्या नवऱ्यानं मोटार चोरली न्हाई."

मी तिला अडवायला हवं होतं. अडवलं नाही.

त्याला चार महिने झाले. ती नुसती खोकली तरी मला धडकी भरते.