उखाण्यांवरचं घर

"या बाप्पा, या माय, पुढं या. पुढच्याले सतरंजी, मागच्याले धूळ!"

शकुनच्या कानात बापाचा आवाज आहे तो असा. ती लहान, सायकलरिक्षात बापाच्या मांडीवर. रिक्षाला भोंगा बांधलेला, आणि बाप, खुशालराव, हिवरखेडच्या बाजारातून फिरत्या टॉकीजसाठी हाळी देत चाललेले. कधी कौंडण्यपूरच्या जत्रेत पाळणेवाल्यासाठी, कधी बांगडीवाल्यासाठी. माल दुसऱ्याचा, गल्लाही दुसऱ्याचा, खुशालरावांचा नुसता गळा. पण त्या गळ्यानं हाक दिली की ओट्यावर बसलेलं म्हातारं माणूसही चप्पल शोधायला लागायचं.

तो गळा आता गेला होता. ऑपरेशननंतर उरली ती खरखर, ज्वारीच्या वाळल्या पानांतून वारा जावा तशी.

शकुन अमरावतीत एक खोली घेऊन राहायची. अकोल्याचा तिचा संसार मोडला तेव्हा भाऊ म्हणाला, घरी ये. वहिनी काहीच म्हणाली नाही. ते न म्हणणं ऐकून शकुननं अमरावतीची एसटी धरली. पोट भरायचं ते ब्लॉगवर, कोणाच्या ताटाकडे पाहायचं नाही, एवढं मनाशी बांधून.

सुरुवातीला तिनं मनातलं लिहिलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पिवळ्या फुलांवर लिहिलं, रिकाम्या घरात परतण्यावर लिहिलं. लिहिलेलं चांगलं होतं, वाचायला मात्र कोणी फिरकलं नाही. मग चुलतबहिणीच्या लग्नासाठी जुळवलेले उखाणे तिनं सहज ब्लॉगवर टाकले, आणि सकाळी पाहते तर माणसांची रीघ. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की शकुनचं दुःख शोधत कोणी येत नसतं. माणूस येतो तो स्वतःच्या अडचणीपायी. पाहुणे खोळंबलेत, बायका नाव घे म्हणून मागं लागल्यात, नवरीला काही सुचत नाही, आणि ती पदराआड मोबाइल धरून शोधते, 'नितेश नावाचा उखाणा'. तिला त्या घडीला तोच मिळाला पाहिजे, दुसरा नाही.

मग शकुन एकेका नावासाठी लिहीत गेली. नितेश, शेखर, कुलदीप. बारशाचे पाळणे, डोहाळजेवणाची गाणी. जुनं उचलून काही टाकायचं नाही, सगळं स्वतः जुळवायचं.

*पऱ्हाटीच्या बोंडातून फुटलं पांढरं हसू,*
*शेखररावांच्या सावलीला दोघं मिळून बसू.*

तिला स्वतःला कोणाचं नाव घ्यायचं उरलं नव्हतं. म्हणून की काय, दुसऱ्यांची नावं तिच्या हातून फार मायेनं उतरायची. काही वर्षं अशीच गेली. आणि मग एक महिना असा आला, की खोलीचं भाडं, मेसचा डबा, विजेचं बिल, सगळं ब्लॉगनंच निभावलं. त्याच्या पुढचाही महिना तसाच गेला.

तिनं फोन करून बापाला सांगितलं. खुशालरावांना आनंद झाला, पण हिशेब लागेना. काही विकत नाही, तर पैसे देते कोण? तिनं समजावलं, की पानावर जाहिराती असतात. वाचणारा जाहिरातीवर बोट ठेवून आत गेला की कंपनी आपल्याला पैसे देते. पलीकडून खरखर आली, "म्हंजे गिऱ्हाईक जमवाचं."

ती हसून हो म्हणाली. ते गिऱ्हाईक आपल्या मनानं आलेलं लागतं, हे सांगायचं राहून गेलं.

पुढं ब्लॉगच्या आकड्यांमध्ये तिला दिसायचं, की रोजचे कितीतरी वाचक अकोल्याकडचे, म्हणजे हिवरखेडच्या बाजूचे. तिला वाटायचं, आपलं माहेर आपल्याला वाचतं. तेवढ्यानंच दिवस गोड व्हायचा.

हिवाळ्याच्या शेवटी खुशालरावांचा गळा पुन्हा सुजला आणि त्यांना अकोल्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या तिनं जाहिरात कंपनीची मेल वाचली. तुमच्या जाहिराती मुद्दाम दाबल्या जातात, सबब तुमचं खातं कायमचं बंद. तिनं विनवणी लिहून पाठवली. नाही म्हणून उत्तर आलं. दुसऱ्या कंपनीच्या जाहिराती लावून पाहिल्या, त्यातून डब्याचेही पैसे सुटेनात. मग त्याही काढून टाकल्या. बापाला काही बोलली नाही.

बरं वाटल्यावर ती त्यांना हिवरखेडला सोडायला गेली. स्टँडवरच्या रामराव चहावाल्यानं तिला पाहून हाक मारली.

"पोरी, तुह्या बापानं आमचे आंगठे झिजवले. तुही जाहिरात दाबल्याबिगर चहा पिऊ देत नाही कोनाले. मी तर आता झोपेतबी दाबतो."

बाकावरची माणसं हसली. शकुनही हसली, आणि हसता हसता तिला कंपनीची ती मेल आठवली. खुशालराव शेजारीच उभे होते, गळ्याला पंचा गुंडाळून, पकडल्या गेलेल्या पोरासारखे लाजलेले. त्यांच्याकडे पाहून तिनं ओठ मिटून घेतले.

अमरावतीत परतून ती एका शिकवणीवर्गात फीच्या खिडकीवर बसायला लागली. फोनवर सांगायची, ब्लॉग मस्त चालू आहे. जाहिराती काहून दिसत नाही, असं खुशालरावांनी विचारलं तेव्हा म्हणाली, दुरुस्ती चालू आहे. त्यांना वाटलं, आपला मोबाइलच बिघडला. मग म्हणे ते गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये डोकावून आले, जाहिरात कुठंच नव्हती.

आणि मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी ते तिच्या दारात उभे. मूर्तिजापूरला गाडी बदलून आलेले, ओठ सुकलेले, हातात पिशवी. उन्हाधुळीत फिरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं.

तिनं पाणी दिलं. ते घोट घोट प्यायले. गिळताना त्यांचे डोळे मिटत होते. मग त्यांनी सगळा बेत सांगितला. गिऱ्हाईक वाढलं की जाहिराती परत येतील, पण आता एकट्या हिवरखेडवर भागायचं नाही. मूर्तिजापूरच्या स्टेशनवर बसायचं, आठवडी बाजार फिरायचे, कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा आहेच. आवाज नाही तर नाही, माणसाच्या हाताला धरून त्याच्या मोबाइलवर दाखवता येतं. बोलता बोलता त्यांना खोकला आला. ठसका लागून त्यांनी पंचा तोंडाशी नेला, आणि त्यावर आलेलं रक्त मुठीत लपवलं.

"मी दवाखान्यात पडलो," ते म्हणाले, "तेवढे दिवस कोनी दाबलं नाही. रामराव तर पक्का आळशी. तवाच बसलं न तुहं काम? मले मालूम हाये, तू सांगून नाही राहिली. मी कमी पडलो, शकुन. आता नाही पडत."

बाहेर रस्ता पांढरा तापलेला होता. एक हो म्हटलं असतं, तर ते उद्या सकाळी त्या उन्हात निघाले असते. नाही म्हटलं, तर काहून नाही ते सांगावं लागणार होतं. शकुन त्यांच्या समोर खाली बसली. त्यांचा उजवा हात तिनं दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, तुमी कमी नाही पडले. तुमच्या दाबण्यानंच ते बंद झालं. कंपनीले वाटलं, मीच दाबवून राहिली. दवाखान्यात होते न तुमी, तवाच मेल आली. मी सांगितलं नाही."

हात तिच्या हातात तसाच होता.

"आता कुठंच जाऊ नका," ती म्हणाली. "घरी राहा."