राजांची जोडी

शुक्रवारी सकाळी कतारमधल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका फ्लॅटमध्ये नवराबायको पत्ते खेळत होते, एकमेकांविरुद्ध. मात्र हे फक्त बायकोला माहीत होतं.

श्रीपती हॉलमध्ये लॅपटॉपवर, अनुजा बेडरूम आतून लॉक करून मोबाइलवर. ऑनलाइन पोकर, तोही चहापाण्याच्या पैशांचा. कतारमध्ये जुगाराला बंदी, म्हणून साइट आडमार्गाने उघडायची, आणि वर ह्याची ऐट, "अनु, ह्यात पेशन्स लागतो. दहा वेळा पत्ते टाकून डाव सोडायचा तेव्हा एकदा खेळायचं. एक तास, दहा रियाल, खलास!"

पेशन्स म्हणे! ह्याच माणसाने चार वर्षांपूर्वी सांगलीत रमीच्या ॲपवर तिच्या पाटल्या उडवल्या होत्या आणि दोन महिने तोंड वर करून "लॉकरमध्ये आहेत" म्हणून सांगितलं होतं. पुन्हा हात सुटला तर मी माहेरी, कायमची, असं तिने तेव्हाच बजावलं होतं. ते रागाच्या भरातलं बोलणं नव्हतं. आजही ती तेवढीच ठाम होती.

त्याचं टेबलावरचं नाव तिने मागून डोकावून पाहून ठेवलं. मग 'रहमान' नावाने खातं काढलं, व्हिडिओ बघून खेळ शिकली, आणि आज सलग तिसऱ्या शुक्रवारी ती त्याच्यासमोर बसली होती. कोणी डिवचलं की खरा श्रीपती बाहेर येणार, ह्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

तिने बोली वाढवली. त्याने पत्ते टाकले. पुन्हा वाढवली, पुन्हा टाकले. सोंग करतोय मेला, ती मनात म्हणाली. मग तिने चॅटमध्ये इंग्रजीत लिहिलं, "एवढा घाबरतोस? बायको मारते का घरी?"

हॉलमधली खुर्ची करकरली. अनुजाने श्वास रोखला. आता!

पुढच्या डावात तिच्याकडे दुर्री आणि सत्ती होती, म्हणजे नुसता कचरा. तिने होतं नव्हतं ते सगळं लावलं. घड्याळ धावू लागलं. बाहेर तो उठल्याचं, फ्रिज उघडल्याचं, पाणी प्यायल्याचं ऐकू आलं. मग श्रीपतीने पत्ते टाकले आणि टेबल सोडलं.

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तो सापडला नाही म्हणून तिला चक्क चीड आली.

दहा मिनिटांनी दारावर थाप पडली. तिने दार उघडलं, तर श्रीपती लॅपटॉप हातात घेऊन उभा होता. स्क्रीनवर साइटची नोटीस होती: एकाच घरच्या इंटरनेटवरून दोन खाती एकाच टेबलावर आढळली, संगनमताचा संशय, दोन्ही खाती बंद. ऑफिसात प्रत्येक कॉन्ट्रॅक्टचा बारीक टाइप वाचून लोकांना जेरीस आणणाऱ्या अनुजाने इथले नियम न वाचताच 'मान्य' दाबलं होतं.

"रहमान तू?"

"हो."

"कधीपासून?"

"तिसरा शुक्रवार." तिने मान खाली घातली. मग न राहवून विचारलं, "शेवटच्या डावात तुझ्याकडे काय होतं?"

"राजांची जोडी."

"राजांची? आणि टाकलीस? अरे, कोणीही खेळला असता!"

"मलाही कळतं ते." तो पलंगाच्या कडेवर बसला. "पण बायकोचं काढलंस आणि माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की पत्ते कितीही चांगले असोत, टाकायचे आणि उठायचं. सांगलीनंतर हा एवढा एकच नियम मी धरून ठेवलाय."

अनुजाला भडभडून आलं. तीन आठवडे ती त्याला पाडायला टपली होती आणि हा डोकं फिरलेलं असतानाही पाणी पिऊन शांत उठला होता. चार वर्षांत पहिल्यांदाच तिचा त्याच्यावर पुरता विश्वास बसला. तिने त्याचा हात धरला.

"सॉरी, श्री. देवाशपथ, आता कध्धी संशय घेणार नाही तुझ्यावर."

त्याने हात हळूच सोडवून घेतला आणि पलंगावरचा तिचा मोबाइल उचलला.

"पासवर्ड सांग."

"कशाला?"

"बघतो," श्रीपती म्हणाला, "आणखी कोणाकोणाच्या नावाने काय काय चालू आहे ते."