जुन्या नोंदींची डिस्क

ठमीने नऊ वाजून वीस मिनिटांनी डोळे मिटले. म्हणजे माझ्या हातात फार तर तासभर. ठमी माझी सात महिन्यांची लेक, आणि सध्या माझं कामाचं वेळापत्रक तीच ठरवते.

मी जन्ममृत्यू नोंदणी कचेरीचा मेनफ्रेम, म्हणजे तिथला जुना अवाढव्य संगणक, सांभाळते. बाळंतपणाची रजा संपल्यावर कचेरीच्या प्रमुख मॅडमनी महिनाभर घरून काम करून बघायला परवानगी दिली होती, तीही नाक मुरडत. "काउंटर एकदा जरी अडला, तर दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वेळ कचेरीत," असं बजावून. पूर्ण वेळ म्हणजे ठमीला दिवसभर परक्या हातात सोडणं. ते मला जमणार नव्हतं. म्हणजे नोकरीच गेली असती. आज अठरावा दिवस होता.

वर्षअखेरीला हे मशीन कायमचं बंद होणार आहे. त्याआधी जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत उतरवून घ्यायचं काम रोज सकाळी साडेनऊला सुरू होई, आणि ते फार हळू चाललंय म्हणून सगळे माझ्या मागे लागले होते. म्हणून मी लॅपटॉपवर डिस्कची यादी उघडली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. प्रत्येक डिस्कपुढे ‘कॅश चालू’. एकाच डिस्कपुढे ‘बंद’: जुन्या नोंदींची.

कॅश म्हणजे काय ते मला मशीनकाकांनी शिकवलं. माझ्याआधी मशीन तेच सांभाळायचे, आता निवृत्त झालेत. पहिल्याच दिवशी ते मला मशीनच्या खोलीत घेऊन गेले होते. तिथे दात वाजतील अशी थंडी. खुंटीवर एकच करडा स्वेटर, कोपराला त्यांनी स्वतः लावलेलं तपकिरी ठिगळ. "दोघांत एकच आहे," म्हणाले, "ज्याला जास्त वाजेल त्याने घालायचा." आणि तो माझ्या अंगावर टाकून पुढे, "हे बघ, डिस्क म्हणजे तळघरातलं कपाट. कॅश म्हणजे टेबलाचा खण. सारखं लागतं ते खणात. सगळ्या डिस्कना मिळून खण एकच, आणि छोटा असतो बरं का."

सहा वर्षं त्या खोलीत मी नुसतं मशीन शिकले नाही. डबा वाटून खायला शिकले, न बोलता शेजारी बसायला शिकले. ती घरघर अजून कानात आहे. ठमी पोटात असताना त्या आवाजाने शांत व्हायची, असं मला उगीच वाटायचं.

तर ती एकटी बंद डिस्क बघून मला भरून आलं. सावत्र लेकरासारखी कोपऱ्यात बसवलेली! मी तिलाही कॅश चालू केली. काम भरभर होईल, झालंच तर.

दहा वाजून दहा मिनिटांनी काउंटरच्या कारकुनाचा फोन आला.

"ताई, अहो काय केलंत? पडदा नुसता गोठलाय. रांग दाराबाहेर गेली. एक आजी जन्माचा दाखला मागायला आल्यात, म्हणतात, मी आहे तोवर मिळेल ना रे बाबा?"

तेवढ्यात ठमी उठली आणि तिने भोकाड पसरलं. तिला कडेवर घेऊन मी काकांना फोन लावला.

"काका, मी."

"रडतंय कोण? लेक की तू?"

"दोघी."

"बरं. कुठे हात घातलास?"

"जुन्या नोंदींच्या डिस्कला कॅश दिली. बिचारी एकटीच बंद होती."

काका खो खो हसले. "आई झालीस आणि सगळ्यांच्या ताटात सारखंच वाढायला निघालीस होय! अगं वेडाबाई, ती डिस्क सध्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदाच वाचली जातेय. वाचलेलं पान परत कोण मागतंय? पण तुझा खण भरला त्याच पानांनी, आणि काउंटरला घडोघडी लागणारी नावांची सूची गेली बाहेर. तिची कॅश बंद कर. ती उपाशी नाहीये."

एका हाताने टाइप केलं. बंद. कारकुनाला परत फोन लावला.

"पळायला लागलं!" कारकून ओरडला. "आजींना दाखला मिळाला. आणि ताई, मॅडम मीटिंगला गेल्यात. मी काही बोलणार नाही हं. अकराच मिनिटं तर गेली."

मी फोन ठेवला. सुटले होते.

पण मशीनमध्ये एक रोजनामा आहे. केलेला प्रत्येक बदल त्यात लिहायचा, आणि चूक ज्याची असेल त्यानेच ती लिहायची, हा काकांचा नियम. मॅडम दर शुक्रवारी तो वाचतात. आज गुरुवार.

ठमीला मांडीवर दूध पाजत मी रोजनामा उघडला आणि लिहायचं टाळत मागे मागे जात राहिले. त्या डिस्कच्या नावाने शोधलं. एकोणीस वर्षांपूर्वीची नोंद सापडली: ‘जुन्या नोंदींच्या डिस्कला कॅश दिली. सगळ्यांना मिळते, तिलाच का नको, असं वाटलं. तिची नक्कल काढणं चालू होतं, काउंटर चाळीस मिनिटं अडला. चूक माझी. पुन्हा बंद केली.’ खाली काकांची आद्याक्षरं.

लबाड! फोनवर चकार शब्द काढला नाही.

मी लिहिलं: ‘हीच चूक, जुनी नोंद पाहावी. अकरा मिनिटं. चूक माझी.’ काकांच्या नोंदीची तारीखही दिली.

शुक्रवारी दुपारी मॅडमचा फोन. मी ठमीला छातीशी घट्ट धरून उभी.

"वाचलं. दोन्ही वाचलं," त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटं अडवणाऱ्याला या कचेरीने निवृत्त होईपर्यंत ठेवून घेतलं. तुम्ही तर अकराच अडवलीत. घरून चालू ठेवा. पण दर सोमवारी इथे यायचं, दिवसभर. सेटिंग बदलायचं ते इथे, माझ्या समोर."

"आणि लेक?"

"तिला काय कपाटात ठेवणार आहात? आणा."

सोमवारी मी ठमीला घेऊन मशीनच्या खोलीत शिरले. तीच घरघर, तीच थंडी. खुंटीवर करडा स्वेटर होता, मी विसरलेच होते. तो तिच्याभोवती दोन वेढे गुंडाळला. ती लुकलुकत्या दिव्यांकडे बघत राहिली, मग कोपराचं ठिगळ तोंडात घालून चोखायला लागली.