दौंडच्या रांगेतली अँबॅसेडर

धुरपदाबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं, हे वडगाव रासाईत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. सोपानरावांना तर मुळीच नाही. म्हणूनच ‘रविवारी गाडी दौंडला जाणार, आन् मी चालवत नेणार,’ असं बाईंनी जाहीर केलं तेव्हा ते बाजेवर कूस बदलून पडले.

गाडी म्हणजे अँबॅसेडर. मोतिया रंगाची, पुढं एकसलग लांब सीट, आणि गिअरचा दांडा खाली नाही तर स्टेअरिंगलाच. सोपानरावांनी ऐन उमेदीत घेतलेली. आसपासच्या गावांतल्या किती नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या याला गणती नाही. बॉनेटवर कावळा बसला तरी ह्या माणसाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण गेल्या वर्षी लकवा मारला आणि डावं अंग गेलं. डाव्या पायानं क्लच दाबेना. तेव्हापासून गाडी शेडमध्ये आणि सोपानराव बाजेवर.

थोरला महेंद्र पुण्यात नोकरीला. त्यानं गिऱ्हाईक आणलं. हायवेवरच्या हॉटेलचा मालक. इंजीन काढून टाकायचं आणि गाडी दारात शोभेला उभी करायची, म्हणजे लोक आत बसून फोटो काढतील. सोपानरावांनी मान डोलावली. “चालवणार कोन आता?” एवढंच म्हणाले. त्या मान डोलावण्याचाच बाईंनी धसका घेतला. ज्या दिवशी त्या गाडीचं इंजीन निघेल त्या दिवशी हे माणूसही कायमचं खाली बसेल, असं त्यांना मनातून वाटायचं आणि जीव तुटायचा.

शिरूर आणि दौंडकडच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा दर थंडीत दौंडला मेळा भरतो. सगळे गाड्या रांगेत लावतात, एकमेकांच्या गाड्यांची दारं उघडून बघतात आणि दुपारपर्यंत आठवणी काढत बसतात. नियम एकच, शिरूरच्या सिद्दीकमामांनी घालून दिलेला: गाडी घरच्या माणसानं चालवत आणायची. भाड्याचा ड्रायव्हर चालत नाही, आणि टोचन लावून ओढत आणलेली गाडी तर फाटकातूनच परत.

“आई, तू ट्रॅक्टर चालवतेस ते वेगळं आणि ही गाडी वेगळी,” महेंद्र फोनवर म्हणाला.

“लायसन हाय, हातपाय हायेत. आजून काय लागतं?”

“बरं. आण चालवत. आणलीस तर विकायचं पुन्हा बघू. गिऱ्हाईकाला मी दौंडलाच बोलावतो.” बोलता बोलता तो हसला, ते बाईंनी ऐकलं. मग तर त्या हट्टालाच पेटल्या.

पुतण्या पप्पूनं नवी बॅटरी घातली, प्लग साफ केले, आणि गाडी खोकत खोकत चालू झाली. बाईंनी पदर खोचला आणि स्टेअरिंगवर बसल्या. अंगणात गाडी हलली खरी, पण चार हातही अंतर न जाता गचका देऊन बंद पडली. पुन्हा तेच. त्याचं असं होतं की ट्रॅक्टरला हाताचा रेस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, असतो. तो एकदा ओढून ठेवला की पाय मोकळा. बाई इथंही सवयीनं रेसवरचा पाय काढून ऐटीत बसत होत्या. तिसऱ्या वेळी पाय काढला नाही, पण वळताना एक हात गिअरला गेला, जड स्टेअरिंग दुसऱ्या हाताला ऐकेना, आणि गाडी थेट कडब्याच्या गंजीत घुसली.

“अगं ए! बायको हायस का वैरीण?” बाजेवरून आवाज आला. इतक्या महिन्यांत सोपानराव पहिल्यांदाच ओरडले होते. काठी टेकत, पाय ओढत ते आले, दार उघडून डाव्या बाजूला बसले, अंगावरचा कडबा झटकला आणि धड असलेला उजवा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला. “तू स्टेरिंग सोडू नगंस. क्लच दाबून नुसतं हां म्हण. गिअर मी टाकतो.”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. नवरा बाजेवरून उठला होता, उगाच त्याला डिवचून परत कशाला बसवायचा?

रविवारी सकाळी निघताना पप्पूनं डिकीत दोर टाकला. बाईंनी तो काढून शेडमध्ये भिरकावला. “टोचनाचा इचार करून निघायचं आसंल तर न्हाईच निघायचं.”

भीमेचा पूल ओलांडला तोवर ठीक होतं. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा लागला. ना पुढं जाता येतं ना मागं राहता येतं. “हां!” बाई म्हणाल्या. दांडा खाली. “हां!” दांडा वर. एकदा सोपानरावांनी हां म्हणायच्या आधीच गिअर टाकला आणि गाडी करकरून ओरडली.

“मी हां म्हणले का?”

“त्यो ट्रॅक्टर काय तुझ्या हांची वाट बघनार हाय?”

चौफुल्यापर्यंत दोघं भांडत होते. पाटसच्या अलीकडं पाणी उकळलं. बॉनेट उघडून, इंजीन गार होईपर्यंत दोघं बांधावर बसले. मागून मोटारसायकलवर आलेल्या पप्पूनं ‘कुणाला तरी फोन करू का’ विचारलं, तर दोघांनी मिळून त्याला झापलं.

दौंडच्या मैदानात रांग लागलीच होती. फियाटी, जीपा, घासूनपुसून आरशासारख्या केलेल्या. भिमाजी नावाचा एक गडी आपल्या जीपचं दार पुन्हा पुन्हा लावून ‘हा आवाज ऐका, आताच्या गाडीला पत्र्याचा डबा वाजतो’ म्हणत सगळ्यांना पकडत होता. अँबॅसेडर फाटकात आली तशी माणसं गोळा झाली. “सोपानभाऊची गाडी! माझी थोरली बहीण हिच्यातनंच गेली की केंदूरला!” कुणी बॉनेटवर हात फिरवला, कुणी वाकून आत बघितलं. सोपानरावांनी लुळा हात उपरण्याखाली झाकला आणि मान खाली घातली.

तेवढ्यात नवनाथ नावाचा, चकचकीत फियाटवाला पुढं झाला. “मामा, नियम नियम हाय. ही गाडी एकानं चालवलीच न्हाई. एकजण स्टेरिंग धरतंय, दुसरा गिअर टाकतोय. म्या फाटकात बघितलं. ही चालवत आणली कसं म्हणायचं?”

महेंद्र काळ्या चष्म्याच्या गिऱ्हाईकाला घेऊन शेजारीच उभा होता. “तेच माझं म्हणणं, आई. एकाला चालवता येत नाही आणि दुसऱ्यालाही येत नाही. वाटेत काही झालं असतं तर?”

सिद्दीकमामा दाढी कुरवाळत राहिले. नियम त्यांचाच, मोडायचा तरी कसा? धुरपदाबाईंनी स्टेअरिंग घट्ट धरलं. इतक्या लांब आणलेली गाडी हे लोक फाटकातून परत लावणार, आणि उद्या तिचं इंजीन निघणार.

“थांबा,” सिद्दीकमामांच्या बायको मुमताजभाभी गर्दीतून पुढं आल्या. “नवनाथ, माझं माहेर दौंडचं. आमच्या लग्नाला शिरूरहून हीच गाडी आलती. आदल्या दिशी सोपानभाऊंच्या डाव्या हाताला विंचू चावलेला. हात असा सुजलेला. दुसरी गाडी कुठं मिळंना. तवा ह्या वहिनी शेजारी बसल्या, आन् जाताना-येताना सगळे गिअर ह्यांनीच टाकले. मी मागं नवरी. भीतीनं निम्म्या रस्त्यात डोळेच उघडले न्हाईत.” त्या नवऱ्याकडं वळल्या. “दोघांनी चालवलेली गाडी चालवली न्हाई म्हणत आसाल, तर आपला निकाहबी झाला न्हाई म्हणा. मी चालले माह्येरी, हितं जवळच हाय.”

सगळं मैदान हसलं. धुरपदाबाई मात्र हसल्या नाहीत. ती वरात त्या साफ विसरून गेल्या होत्या. घामानं निथळणारा तरणा सोपान, सुजलेला हात मांडीवर घेतलेला, ‘दुसरा टाक, दुसरा!’ म्हणून ओरडणारा, आणि आपण भीतीनं दोन्ही हातांनी दांडा धरलेला. त्या दिवशी ह्या माणसानं हाताला विंचू चावला म्हणून गाडी शेडमध्ये लावली नव्हती.

“आरं बाबा, माझा संसार मोडतोय,” सिद्दीकमामा म्हणाले. “नियमात घरच्या माणसानं आसं हाय. एकट्यानं आसं कुठंय? लावा गाडी रांगेत.”

काळ्या चष्म्याच्या गिऱ्हाईकानं घड्याळात बघितलं. “महेंद्रजी, मग आपलं कसं ठरतंय?”

महेंद्रनं बापाकडं बघितलं. सोपानरावांनी मान वर केली. उपरणं खांद्यावर टाकलं. लुळा हात सगळ्यांसमोर तसाच मांडीवर राहू दिला.

“सायेब, तुमच्या दारात दुसरं कायतरी उभं करा,” ते म्हणाले. लकव्यानं शब्द अजून जडच होते, पण आवाज खणखणीत होता. “ही गाडी आमाला लागती. पुढच्या आयतवारी हिला घेऊन वढूला समाधीच्या दर्शनाला जायचंय.”

वढूचं कधी ठरलं हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी क्लच दाबला आणि ‘हां’ म्हणाल्या. महेंद्रनं गिऱ्हाईकाला हात जोडले, आणि आईबापाच्या गाडीला वाट करून देत पुढच्या गर्दीला बाजूला सारू लागला.